शलाकाच्या पेपरसाठी टिपणं

तू विचारलंस, आत्या, थीम काय, निवेदनाचं तंत्र काय,
सोमवारी सबमिशन आहे.
मला तंत्र काय कळणार? अठ्ठावीस वर्षं
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात टाइप करत होते मी.
पण वाचली कादंबरी. दोनदा.
दुसऱ्यांदा मानेवाड्यात वीज गेली होती,
कूलर मुका, मानेवर ओला पंचा.

पहिली गोष्ट, ती बाई खोटं बोलते.
तुला दोनशेव्या पानावर कळलं, मला सातव्या.
बहीण तलावात पडली त्या रात्रीचं
तिला सगळंच आठवतं:
पायरीवरचं शेवाळ, घड्याळातले अकरा वीस,
शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या.
खरा साक्षीदार असा नसतो गं.
तो अडखळतो, पाणी मागतो, तारीख चुकवतो,
आणि चपलेचा रंग मात्र सांगतो, न विचारता.

दुसरी, काळ. भूतकाळात चाललेली बाई
तलाव आला की वर्तमानात शिरते.
"मी हात पुढे करते."
तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारली आहे.
हात कशासाठी,
ते वाक्य पुस्तकभर कुठेच नाही.

तिसरी तुझ्या पेपरात बसायची नाही.

सुगंधा नेवारे म्हणून एक होती. साल सांगत नाही.
पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली,
"थो आला अन् माह्या जीवाचं पानी पानी झालं, साहेब."
साहेबांनी मजकूर सांगितला, मी बडवला:
आरोपीस पाहून मी घाबरले.
"मी" तिचा, "घाबरले" साहेबांचं,
बोटं माझी.
वाचून दाखवलं तेव्हा ती ऐकत राहिली,
दुसऱ्याच कुणाची हकिगत ऐकावी तशी,
आणि मान हलवून अंगठा उमटवला.

मग वकिलाने विचारलं, दार आतून कोणी लावलं?
ती गप्प.
पंखा फिरत होता. खाली चहावाला ग्लास विसळत होता.
किती वेळ, कोणी मोजलं नाही.
साहेब म्हणाले, लिहा,
साक्षीदाराने उत्तर दिले नाही.
चार शब्द.
गप्प राहण्याची कळ नव्हती मशीनला.
स्पेसबार होता, पण तो शब्दांच्या मधे दाबायचा.

तुझ्या कादंबरीचं प्रकरण एकोणीस बघ.
वर आकडा, खाली कोरं पान.
तू छपाईची चूक समजून
बर्डीच्या फुटपाथवाल्याकडे बदलायला निघाली होतीस.
बदलू नको.
अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच पान
तिने स्वतः सांगितलं आहे.
असं लिहिलंस तर मार्क कापतील बहुतेक. बघ तुझं तू.

नेवारेबाईच्या केसचा निकाल मला विचारू नको.
निकालाच्या दिवशी मी रजेवर होते,
काटोलला, भाचीचं बारसं होतं, मंगळवार,
दुपारी सव्वा तीनची गाडी.

चपला निळ्या होत्या तिच्या.
एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला.