एक हात खिशात

पहिल्या दिवशी तावियासरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
म्हणाले, जिवंत तारेजवळ जाताना
एक हात खिशात.
विजेला फक्त वाट हवी असते.
या हातातून त्या हाताकडे निघाली
की मधे तुमचं काळीज लागतं.

पोरांनी हात खिशात घातले.
माझ्या झग्याला खिसाच नव्हता.
मी डावा हात पाठीमागे धरला,
शाळेत उशिरा आल्यावर धरायचे, तसा.

कुमासीतलं ते वर्कशॉप, पंखे दोन, फिरणारा एक,
आणि बाकावर मामे दुफींच्या मक्याच्या गिरणीची मोटर,
आतून जळून कोळसा.
सूत्रं मला सगळी पाठ होती.
चार ध्रुव, पन्नास हर्ट्झ, वेग किती?
झोपेतून उठवून विचारा.
सरांनी विचारलं नाही. छिन्नी दिली. म्हणाले, काढ.

छत्तीस खाचा.
जळकं तांबं उपसताना दोन नखं गेली.
आधी कागद सरकवायचा, मग तार,
वेढे बासष्ट,
आणि मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही.
यिआदोमनं एकोणचाळिसाव्या वेढ्याला विचारलं,
सेरवा, जेवलीस का?
पुन्हा एकपासून.
वहीतलं चुकलं तर खोडता येतं.
तांबं उलगडावं लागतं,
आणि उलगडलेली तार
आपला बाक विसरत नाही.

चौथ्या दिवशी वॉर्निश वाळलं.
मामे दुफी दारात, डोक्यावर भिजवलेल्या मक्याचं घमेलं,
आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली.
आमच्याकडे याला शब्द आहे, दुमसोर.
विझ-पेट.
बसून राहिलो. मका आंबू लागला होता,
त्याचा वास वॉर्निशच्या वासात मिसळत गेला.

लाइट आली. स्विच दाबला.
मोटर नुसती घुमली, जागची हलली नाही.
बंद कर, सर म्हणाले,
आणि ती काय म्हणत होती ते सांग.
मला काय कळणार? तरी कान आठवत राहिला.
एक गुंडाळी उलटी जोडली होती मी,
शेपटीच्या जागी तोंड.

डाग उकलला, पुन्हा लावला.
फिरली!
आम्ही टाळ्या वाजवल्या, यिआदोम तर नाचलाच.
मामे दुफी घमेलं न उतरवता म्हणाल्या,
उलटी फिरतेय. माझी गिरणी अशी नाही फिरत.

सर हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.
तीनातल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल,
पुस्तकात पान एकशे चौदा,
परीक्षेत मी ते अचूक लिहिलं होतं.

त्या रात्री झग्याच्या आतली दुमड उसवून
मी खिसा शिवला. वाकडाच झाला.
आता तारेजवळ जाते
तेव्हा डावा हात त्यात असतो, निवांत.
म्हणजे लोकांना तसं वाटतं.
आत तो मोजत असतो,
एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस.