दोन पूर्णांक पंचेचाळीस

वाडी नाक्यापुढं, पेट्रोलपंपाच्या कुंपणाला टेकून
माझी पांढरी ओम्नी उभी असते.
आत मशीन, प्रिंटर, एक टेबलफॅन
आणि नळी.
आल्यागेल्याच्या सायलेन्सरात ती घालायची,
कागद काढायचा, पैसे घ्यायचे.

मोर्च्याच्या आदल्या दिवशी रांग
पार टायरच्या दुकानाच्याही मागं गेली.
पोलिसांची अट होती :
ज्या गाडीजवळ पीयूसी नाही, ती मोर्च्यात नाही.
धुराच्या नियमाविरुद्ध निघायचं
तर धुराचं सर्टिफिकेट लागतं.
मला हसू आलं,
पण रांगेत कोणी हसत नव्हतं.
"आटप ना बे, उद्या अधिवेशनावर जाचं हाय."

संघटनेचे लांजेवार यादी घेऊन आले.
तीनशे बारा गाड्या.
गाडीमागं वीस रुपये वर देतो म्हणाले,
फेल मात्र एकही नको.
फेल होतंच नाही कोणी.
नळी आत सारायची नसते,
नुसती तोंडाशी धरायची,
जसं तापल्या पोराजवळ थर्मामीटर नेऊन
न लावताच म्हणावं, बरं आहे.
फोटो नंबरप्लेटचा लागतो.
धुराचा लागत नाही.

सांजच्याला झनकलाल उईके आला,
दोन हजार सातची फोर-झिरो-सेव्हन,
कळमन्याला संत्रा नेतो, येताना रिकामी.
कागद घेतला, घडी केली, गेला नाही.
"भाऊ, खरा आकडा सांग.
कोनाले दाखवत नाही."
मी नळी पूर्ण आत सारली.
त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला.
मशीननं थोडा वेळ घेतला.
मर्यादा दोन पूर्णांक पंचेचाळीस,
आला सहा पूर्णांक आठ.
प्रिंट नाही काढली. बॉलपेननं
विडीच्या कट्ट्यावर लिहून दिला.
त्यानं तो वरच्या खिशात ठेवला,
लेकीच्या फोटोमागं.
"नवी गाडी बारा लाखाले हाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. धंदा तसाही बंद होता.
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर कठडे लावून मोर्चा अडवला.
इंजिनं बंद करू नका, असा वरून निरोप आला,
आवाज आत पोचला पाहिजे.
तीनशे बारा इंजिनं, पावणेतीन तास.
डिसेंबरची स्वच्छ हवा, आणि तिच्यात
आम्ही रुमाल लावून उभे.

नेते ट्रकच्या टपावर चढले.
"हवामान बदल म्हणे! नागपूरले ऊन काय नवं हाय?
आपले बापजादे खिशात कांदा ठेवून
पंचेचाळीसमध्ये वखर हाकत होते!"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
वाजून गेल्या म्हणा.

मग मला चिंधू आठवला.
पंपासमोर पंक्चर काढायचा.
मे महिन्यात, सेहेचाळीसच्या दुपारी,
हातात टायर लिव्हर घेऊन तो बसला
आणि उठलाच नाही.
आम्ही त्याला उलटसुलट करत पाणी मारत होतो
तेव्हा खिशातून कांदा घरंगळला.
शिजल्यासारखा मऊ.
त्याच्यासाठी मोर्चा निघाला नव्हता.
कोणाकडं काढायचा, तेही माहीत नव्हतं.

आणि हेही खरं, की टपावरून ते म्हणाले,
"कोराडीच्या चिमणीत कोन घालते नळी?"
तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.
माझी नळी सव्वा मीटरची आहे.

गर्दीत झनकलाल दिसला.
बोनेटवर उभा, गळ्याच्या शिरा फुगलेल्या,
"नियम मागे घ्या! मागे घ्या!"
हात वर गेला की शर्ट ताणला जायचा
आणि खिशातून विडीच्या कट्ट्याचा
निळा कोपरा डोकवायचा.
दर घोषणेनंतर तो
डाव्या हातानं तो आत ढकलायचा.
आणि खोकायचा.
आणि पुन्हा हात वर.