सात ग्रॅम

एजिदिओमामाने एकोणीस वर्षं
कॉफी अंगावर वाहिली.
साठ किलोचं एक पोतं, बोटीच्या पोटातून
त्रिएस्तेच्या जुन्या बंदरातल्या गोदामापर्यंत,
नेहमी डाव्या खांद्यावर.
उजवा, तो म्हणतो, सिगारेटसाठी मोकळा ठेवला होता.
मग कंटेनर आले.

आता तो माझ्या बारमध्ये, पांढरा एप्रन लावून,
आणि त्याच्यासमोर सात ग्रॅम.

डबलची वाटी सरळ असते, भोळी,
बादलीसारखी; तिच्यात चूक खपून जाते.
एकट्या कपाची ही वाटी मात्र
तोंडाशी रुंद, मध्येच पायरी, खाली चिंचोळा तळ,
कारकुनासारखी सगळं टिपून ठेवणारी.
दट्ट्या जरा कलला की पायरीवर अडतो
आणि वाटतं, झालं दाबून.

"जोर नको," मी म्हणते. "सपाट."
त्याच्या मुठीत दट्ट्या दिसेनासाच होतो.
मी बटण दाबते.
चार सेकंद काही नाही,
मग उजव्या अंगाने फिकट, घाईची धार.
पाण्याला कुणी शिकवावं लागत नाही:
जिथे हात कमी पडला
तिथून ते बिनबोभाट निघून जातं.

सिन्योरा ब्रेसान रोज एक नेरो घेतात.
(एस्प्रेसो म्हणणारा इथे पाहुणा.)
त्या साखर घालतात, मग अजून साखर,
आणि वर्तमानपत्राला सांगतात, "आंबट."

"मी तर सरळच धरला होता," मामा म्हणतो.

आणि त्याने धरलाच होता.
दारातून, समुद्राच्या उजेडात, मी त्याला पाहिलं:
डावा खांदा उतरलेला,
मान उजवीकडे, त्या पोत्याचा तोल सांभाळत,
जे कधीच उतरवून झालं.
भिंतीवरची आजोबांची तसबीर
तो रोज सकाळी सरळ करतो,
रोज रात्री मी ती सरळ करते.
दोन वर्षं झाली. कुणीच काही बोललेलं नाही.

फेब्रुवारीत बोरा सुटला.
असा वारा, की कोपऱ्यावरचा पाववाला
आपली टोपी शोधायला गेला
आणि बायकोची घेऊन परतला.
गिऱ्हाईक नाही. दाराला आतून दोरी.
मी म्हटलं, "डोळे मीट."
"मग दिसणार कसं?"
"दिसतंय तेच तर नडतंय."

अंगठा इथे. तर्जनी पलीकडे.
वाटीची कड आणि दट्ट्याची कड,
दोन्हींमधलं अंतर बोटांना विचार,
इकडे जेवढं, तेवढंच तिकडे का.
बोटांना पोत्याशी काही देणंघेणं नव्हतं.
ती फक्त शिवण चाचपायची,
कुठे उसवलीय, कुठे दाणा सांडतोय.

पहिले अकरा वाया.
बाराव्याला मीच चुकले, वाटी नीट अडकवली नाही.
अर्धा किलो कॉफी डब्यात गेली,
आणि मी, जी दाणा दाणा मोजते, गप्प.
मग कधीतरी, कितव्या ते नाही सांगता येणार,
मधोमध एक थेंब लोंबला, थांबला,
आणि उंदराच्या शेपटीसारखी
बारीक, तांबूस धार खाली आली,
कुठेही न घाबरता.

तो प्यायला नाही.
वाटी उलटी करून ठोकली,
चोथ्याची अख्खी वडी तळहातावर घेतली,
भोक नाही, चीर नाही.
हात वरखाली करून वजन पाहिलं.
"एवढंच," म्हणाला,
आणि बराच वेळ ती टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी सिन्योरा ब्रेसानांनी
साखरेची पुडी उघडली,
एक घोट घेतला,
आणि पुडी तशीच दुमडून पर्समध्ये ठेवली.
बोलल्या काही नाहीत. त्या बोलतच नाहीत.

तसबीर अजूनही तिरकी आहे.
किंवा सरळ.
हल्ली रात्री मी दिवा मालवते
आणि तिला हात न लावता वर जाते.