एकतीस पावलं

बारा वर्षं तू कीबोर्डमागं उभा होतास, तेयो,
किराणा दुकानदार गल्ल्यामागं असतो तसा.
गाणारी पुढं जायची, गिटारवाला तिच्या पाठीला पाठ लावायचा,
तू मात्र कमरेपासून वरचा माणूस.
एका लग्नात तर नवरीच्या मामानं
तुझ्याकडं बर्फ मागितला होता.

म्हणून हुलियाकाच्या बाजारात,
वारा ताडपत्र्या उपटत असताना,
गळ्यात अडकवायचे कीबोर्ड बघत आपण फिरलो.
लाल होता तो देखणा, पण वजन रांगत्या पोराएवढं,
चार तास कोण कडेवर घेणार?
पांढऱ्याची मान इतकी जाड
की मिनीबसच्या दारात सापडलेला तुझा डावा अंगठा
सप्तकाच्या बटणापर्यंत पोचेचना.
काळा जुना होता. सदतीस पट्ट्या.
पाठीवर नेलपॉलिशनं कुणीतरी लिहिलेलं : येनी.
अंगठा बरोबर बसला.

'वाजवून दाखवा,' मी म्हणाले.
दोन्या आसुंता हसली. 'यात आवाज नसतो, पोरी.
हा नुसता निरोप धाडतो.
सूर लाव. सूर सोड.
आवाज तुमच्या लॅपटॉपात.'
तू नऊशे सोल मोजलेस, शेवटचे तीस नाण्यांत,
आवाज नसलेल्या वस्तूसाठी,
आणि वाटभर ती मांडीवर धरून बसलास.

जमिनीला बिअर पाजल्याशिवाय नवं काही वापरायचं नाही,
हे मलाही मान्य.
पण तू बाटली उचललीस तेव्हा
बॅटरीच्या झाकणावर मी तळहात ठेवला.

मिक्सरवरून दिसतं ते तुला दिसत नाही.
रिसीव्हर नखाएवढा,
आणि माणसं म्हणजे पाण्याची पिंपं, निरोप त्यांच्यातून जाता जात नाही;
वर प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच हवेत बडबडतो.
मी तो लांब वायर जोडून झाडूच्या दांड्याला बांधला,
गर्दीच्या टोप्यांच्याही वर.
रात्री बादलीतलं पाणी गोठतं तिथं बॅटऱ्याही गारठून मरतात,
म्हणून चार जादा, तीन स्वेटरांच्या आत, अंगाला लावून.
पहिल्या तासात त्यांचा गारठा मला,
दुसऱ्यात माझी ऊब त्यांना.

आचाकोताच्या जत्रेत तू पायरी उतरलास.
घागरे बाजूला सरले, तुझ्यामागं पुन्हा मिटले.
मला वाटलं, जत्रेचा खर्च उचलणाऱ्यांच्या टेबलाकडं जाशील.
तू गेलास पार मागं,
जिथं ट्राउट तळणाऱ्या बायका
दरवर्षी बँडकडं पाठ करून उभ्या असतात.
त्या वळल्या. एकीच्या हातात झारा तसाच.
तू शेवटचा सूर दाबलास, बोट उचललंस.
'लाव' पोचला होता.
'सोड' वाटेत, कुणाच्यातरी घामेजल्या छातीत मुरला.

सूर थांबेना.
तुझे दोन्ही हात मला दिसत होते, रिकामे, हवेत,
आणि स्पीकरमधून तू वाजतच होतास.
ड्रमवरच्या फाउस्तोनं माझ्याकडं बघितलं.
सगळं गप्प करायचं बटण माझ्या बोटाखालीच असतं.
मी आठ ठोके जाऊ दिले.
का, ते विचारू नकोस.
झाऱ्यातून तेल निथळत होतं; ती बाई
तुझ्या बोटांकडं बघत होती,
सूर अजून तिथंच असल्यासारखी.
मग दाबलं.

गाडीत सामान भरताना तू विचारलंस, किती लांब गेलो होतो?
एकतीस पावलं, मी म्हटलं. सत्ताविसाच्या पुढं भरवसा नाही.
'बरं. पुढच्या वेळी सत्तावीस.'
मी हो म्हटलं.

झाडूचा दांडा मी चार पावलं पुढं बांधणार आहे.
वायर आणून ठेवलीय.