रिकाम्या जागा भरा

मंगळवारी संध्याकाळी
लिंबानं तीनदा धुऊनही हातांचा मासळीचा वास जात नाही,
तसेच हात घेऊन मी ग्रिम्सबीच्या जुन्या खलाशी-भवनात
वरच्या मजल्यावर जाऊन बसते.
रेडिएटर खोकतो. थॉर्प सर खडू मोडून घेतात;
अख्खा खडू त्यांना चालत नाही, का कोण जाणे.
हयात गेली बोटींवरच्या वायरलेसपाशी,
म्हणून आजही प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात,
जणू पलीकडे वादळ आहे.

गोष्ट प्रथमच निघाली, तर 'अ'.
गोष्ट प्रथमच निघाली, तर 'अ'.
तीच पुन्हा निघाली, तर 'द'.
आधी अ बोट. मग द बोट.

आमच्याकडे हे दोघं नाहीतच.
पानेवेझिसमध्ये नदी नुसती नदी असते,
ओळखीची की परकी, ज्याचं त्यानं समजायचं.
शिलानच्या कुर्दीत शब्दाला मागून शेपूट लागतं.
तेकलेकडे 'द' आहे, पण बाईचा वेगळा, बाप्याचा वेगळा,
त्यामुळे टेबल आलं की तो थबकतो.

स्वाध्याय सातवा:
___ बाई ___ गावात आली.
___ बाईकडे ___ पिशवी होती.
किती वेळा आल्यावर बाईला 'द' लागतो, सर?
"एकदा सांगितलं की पुरे. एकदा सांगितलं की पुरे."

पण मी तर तीन वर्षं सांगतेच आहे.
चौथ्या पट्ट्यावर हॅडॉकचे काटे काढते,
आणि सुपरवायझर पलीकडून ओरडतो,
चौथ्यावरून एक बाई पाठवा!
अ बाई. अमुक-तमुक. कुठलीही.
आठही जणी मान वर करतो.

मग फेब्रुवारीत दाराच्या फटीतून चिठ्ठी आली,
एकवीस नंबरच्या मिसेस बॅरक्लफची,
निळ्या बॉलपेननं, कागद फाटेल इतक्या रागानं:
एकोणीस नंबरमधली द बाई
द कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर काढते.
मी दोनदा वाचली आणि उभ्या उभ्या हसले.
तक्रार तर तक्रार,
तिच्यात मी 'द' होते!
अख्ख्या गल्लीत दुसरी नाही अशी.

चिठ्ठी वर्गात नेली.
सरांनी चष्मा लावून तीन चुका काढल्या,
दोन स्पेलिंगच्या, एक स्वल्पविरामाची.
"आर्टिकल मात्र अचूक. आर्टिकल मात्र अचूक."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
माझ्यासाठी की बॅरक्लफबाईंसाठी, कळेना.

पुढचा नियम: जगात एकच असेल त्याला 'द'.
द सूर्य. द चंद्र.
शिलाननं हात वर केला. मग आई?
सर खडू धरून थांबले. रेडिएटरसुद्धा थांबला.
"'माझी' आलं की 'द' आपणहून उठतो.
एका खुर्चीत दोघं बसत नाहीत."
हे ते एकदाच म्हणाले.
शिलाननं वहीत लिहून घेतलं नाही.

मी डब्यांचं वेळापत्रक पाठ केलं, क्रियापदांसारखं.
हिरवा सोमवारी, काळा गुरुवारी.
गुरुवारी पाळीच्या आधी, पहाटे पाचला,
काळा डबा खडखडत ओढत होते
तर बॅरक्लफबाई दारात, गाऊनमध्ये, हातात चहा.
आज बरोबर, म्हणाल्या.
मग जरा वेळानं, नाव काय गं तुझं?
दाइवा.
डायना?
दाइवा, मी पुन्हा म्हटलं, सरांसारखं,
मध्ये वारा होता म्हणून जरा मोठ्यानं.

स्वाध्याय बारावा. सरांनी आमचीच नावं घातलेली.
___ दाइवा ___ ग्रिम्सबीत राहते.
तेकलेनं दोन्हीकडे 'द' ठोकून दिला, एकदाचा.
मी पेन्सिल उचलली. ठेवली.
सर बाकांमधून फिरत आले, माझ्या पानावर वाकले.
दोन्ही जागा कोऱ्या.
लाल पेननं बरोबरची खूण केली
आणि काही न बोलता
तेकलेच्या वहीकडे वळले.