कोणाची ता सांग

सर्जेकोटच्या बर्फाच्या गोदामात लोखंडी टेबलावर लॅपटॉप,
खाली खारट पाणी,
चपला काढून मी पाय खुर्चीच्या दांडीवर घेतलेले.
सोसायटीचं म्हणणं एवढंच होतं:
होडी खाडीच्या तोंडाशी लागली की इथे घंटा वाजू दे,
म्हणजे बर्फ फोडायला घेता येईल.

होड्या बारा. मी लूप बारा वेळा फिरवला,
दर होडीमागे एक निरोप्या बसवला.
म्हटलं, आत्ता नाही ओरडायचं.
ती आली, की.
कधी येईल ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही.
मग मी घरी गेले, पेज जेवले, झोपले.

पहाटे घंटा. पडद्यावर गजलक्ष्मी.
पुन्हा घंटा. गजलक्ष्मी.
अकरा वेळा गजलक्ष्मी,
जी यादीत बारावी, आणि त्या दिवशी गेलीच नव्हती;
सुरूंखाली उलटी पडून होती, तळाचं डांबर ओलं.

सुभला खोबरेकरणीने हातातली टोची खाली ठेवली.
"होडी इली ता कळला गो.
कोणाची ता सांग."

नारळी पौर्णिमेनंतरचा तो आठवडा
मी या एका वाक्याखाली काढला.

चूक अशी होती:
मी निरोप्यांना नाव दिलंच नव्हतं.
भिंतीवरची पाटी दाखवली होती,
नाव तिथे आहे, वेळ आली की वाच.
आणि पुढच्याला बसवताना तीच पाटी पुसून
दुसरं नाव लिहिलं होतं.
पहाटे सगळे पाटीकडेच वळले, बिचारे,
सांगितल्याप्रमाणे.

हाक मारणारा त्यांना काय देतो?
घडलं, एवढंच देतो. किती वाजता, कुठे.
कोणासाठी ते त्याच्या गावीही नसतं.

आमची आई सकाळच्या मालवण–कोल्हापूर गाडीत
धुरी कंडक्टरकडे सुक्या बांगड्यांची पिशवी द्यायची.
सुतळीला चिठ्ठी, गाठीवर गाठ.
धुरीने ती कधी वाचली नाही.
वास आला असेल, फोंडा घाटभर आला असेल,
पण आत काय हे विचारणं त्याच्या कामात नव्हतं.
स्टँडवर भाऊ पुढे आला की पिशवी जशीच्या तशी त्याच्या हातात.

तेव्हा मी पाटी सोडली.
निघतानाच प्रत्येकाच्या मुठीत त्याची त्याची चिठ्ठी:
होडीचं नाव, तांडेलाचं नाव, बर्फाच्या लाद्या किती.
एका ओळीचा बदल. खरं तर अर्ध्या.
दुसऱ्या पहाटे घंटा वाजली आणि पडद्यावर आलं,
स्टेला, पास्कू फर्नांडिस, सात लाद्या.
सुभला काही बोलली नाही. तिने टोची उचलली.

गणपती गेले. दिवाळी गेली.
पास्कूने होडी आचऱ्याच्या मुणगेकरांना विकली
आणि तो मुलाकडे वसईला गेला.
मुणगेकरांनी निळ्यावर पिवळा रंग काढला, नाव ठेवलं जलराज.
मी मात्र मधल्या काळात मशीन एकदाही बंद केलं नव्हतं.

त्यामुळे काल, अंधार असताना,
जलराज खाडीच्या तोंडाशी आली
आणि निरोप्याने मूठ उघडली.
स्टेला, पास्कू फर्नांडिस, सात लाद्या.

चिठ्ठीचं हे असं असतं.
पाटी बदलते, म्हणून खोटं बोलते.
चिठ्ठी बदलत नाही,
म्हणून.

मुणगेकरांना पाच लागतात. सुभलाला माहीत आहे.
तरी तिने सात फोडल्या,
दोन बाजूला तशाच राहिल्या, कडेने पाणी सोडत.
मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम, आत्ता बदलते.
ती पडद्याकडे बघत होती.
"आज र्‍हवांदे," म्हणाली.

मी झाकण मिटलं.
मशीन चालूच आहे.