खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
मी मोजलेत.
पाच नंबरच्या फाटकापासून आमच्या प्रयोगशाळेपर्यंत
डोक्यावरून जाणारे नळ : दोनशे चौदा.
बर्फात कंपनीची बस अडली
की दुसरं करायचं काय?

ऱ्हाईनच्या काठी आमचं गाव म्हणजे कंपनीच.
बंब तिचा, दवाखाना तिचा,
वारा फिरला तर दोरीवरच्या चादरींना
वासही तिचाच.
माझं नाव रोझविता, पण फाटकातल्या यंत्रासाठी
मी शून्य सात एक एक चार.
कार्ड टेकवलं की ते हिरवं व्हायचं.
एकतीस वर्षांत ते माझ्यावर एकदाही चिडलं नाही,
घरातल्या कुणाबद्दल असं सांगता येणार नाही.

पगार पंचवीस तारखेला. म्हणजे पंचवीसलाच.
भाऊ फोल्कमार सायकली दुरुस्त करतो,
त्याच्याकडे महिना कधी चाळीस दिवसांचा असतो.
तो विचारायचा, "तुझा मालक कोण, पाहिलायस का कधी?"
मी सांगायचे : साहेब वरच्या मजल्यावर,
त्याचा साहेब हॅम्बुर्गला, त्याचा सिंगापूरला,
त्याच्या वर तक्त्यावर नुसता एक बाण आहे.
फोल्कमार पोट धरून हसायचा,
मग दुकानाच्या भाड्यासाठी चारशे युरो मागायचा.
मी द्यायचे. बाणाकडून आलेले.

एकदा माझ्या स्टुलाचा पाय मोडला.
अर्ज केला.
अर्जाला क्रमांक मिळाला, क्रमांकाला समिती,
समितीला उन्हाळ्याची सुट्टी.
नवं स्टूल अकरा महिन्यांनी आलं,
तेही डाव्या हाताने काम करणाऱ्यांसाठीचं.
(असं स्टूल असतं हे मलाही तेव्हाच कळलं.)

पण आर्नेच्या मणक्यात गाठ निघाली, सहा वर्षांचा होता,
तेव्हा हाच कागदांचा डोंगर
एका रात्रीत सरकून माझ्या पाठीशी उभा राहिला.
कंपनीच्या डॉक्टरने स्वतः हायडेलबर्गला फोन लावला.
नऊ आठवडे भरपगारी रजा,
कुणी एक प्रश्न विचारला नाही.
आभार कुणाचे मानायचे ते कळेना,
म्हणून मुख्य कार्यालयालाच पत्र लिहिलं.
उत्तर आलं :
आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.

आर्ने आता धावतो. मॅरेथॉन वगैरे.

आणि तो मंगळवार.
दहा वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर
चाळीस जणांना एकच पत्र,
फक्त नावाची जागा वेगळी.
गुड्रुन तेव्हा खिडकीतल्या रबराच्या झाडाला पाणी घालत होती.
झारी अर्धी भरलेली तशीच राहिली.
माझं नाव यादीत नव्हतं.
आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
दुपारी सूप मात्र घशाखाली उतरेना.
उरलेलं पाणी मीच घातलं.
तेव्हापासून मीच घालते.

आज शेवटचा दिवस. केक झाला, भाषण झालं,
भाषणात माझं आडनाव चुकलं, टाळ्या बरोबर पडल्या.
झाड उचललं आणि निघाले.
फाटकावर येन्स म्हणाला, "याला बाहेर जायचा परवाना लागतो."
मी थांबले. झाडही.
मग त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली,
बांधलेलीच होती ती,
आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

बाहेर फोल्कमार, सामानाची तीनचाकी सायकल घेऊन.
"पुढे बस," म्हणाला, "मालकीणबाई."
बसले. मांडीवर झाड.
येताना मोजलेले नळ दोनशे तेरा भरले होते.
एखादा काढला असेल त्यांनी,
किंवा पहिल्या हिवाळ्यापासून
माझंच चुकत असेल.